निवळलेला मजकूर

‘अक्षरघरा’त शेवटचं भांडण झालं त्याला दोन वर्षं होऊन गेली होती, आणि तेव्हापासून शैलजाबाई नागठाण्यांना करायला फारसं काही उरलं नव्हतं.

अक्षरघर म्हणजे जुन्या मोडी कागदांचं वाचन करणाऱ्या स्वयंसेवकांचं इंटरनेटवरचं मंडळ. गावोगावची दप्तरं स्कॅन करून तिथं टाकली जात आणि सभासद आपापल्या घरी बसून ती देवनागरीत उतरवत. एव्हाना यंत्रालाही मोडी वाचता येऊ लागली होती. पण घाईच्या हातानं लिहिलेला, वाळवीनं खाल्लेला, पाण्यानं शाई फुटलेला कागद आला की यंत्र अडखळे आणि तिथं माणूस लागे. अशी अकरा हजार माणसं होती. मोडीत शब्द सुटे करून लिहीत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. त्यामुळे एका ओळीची दोन वाचनं सहज होतात. दोन वाचनं झाली की दोन तट पडतात, आणि तट पडले की अक्षरांवरून सुरू झालेलं बोलणं एकमेकांच्या अकलेवर, शिक्षणावर, जिल्ह्यावर जायला वेळ लागत नाही.

हे सगळं निस्तरायचं काम शैलजाबाईंचं. त्या मंडळाच्या समन्वयक होत्या. त्याआधी एकतीस वर्षं मिरजेच्या न्यायालयात लघुलेखक होत्या. साक्षीदार जे बोलेल ते जसंच्या तसं उतरवायचं, शिवीसकट, हे त्यांच्या हाताला लागलेलं वळण. म्हणून की काय, लोकांच्या तिखट बोलण्याचं त्यांना भय नव्हतं. मंडळात ठिणगी पडली की त्या सरळ फोन लावत. पहिली दहा मिनिटं समोरच्याला ओरडू देत. मग त्याच्या आईचं गुडघ्याचं दुखणं निघे, मुलाची परीक्षा निघे, आणि शेवटी माणूस स्वतःच म्हणे, “जाऊ द्या ताई, मीच जरा जास्त बोललो.”

एका माणसानं मात्र हे कधीच म्हटलं नाही. यादवराव खंदारे. हिंगोली जिल्ह्यात वसमतजवळच्या एका गावचे, भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले मोजणीदार. मोडी ते वडिलांकडून शिकले होते आणि मंडळात त्यांच्याइतकं अचूक वाचणारं कुणी नव्हतं, हे त्यांच्या शत्रूंनाही मान्य होतं. शत्रू पुष्कळ होते. शैलजाबाईंना त्यांनी एकदा सगळ्यांसमोर लिहिलं होतं, “बाई, तुम्हाला मोडी वाचता येत नाही, मोडता येते.” त्यावर शैलजाबाईंनी फोन केला, तो दीड तास चालला. दोघांनी एकमेकांची तेवीस अक्षरं चुकीची ठरवली. पुढं आठवड्यातून एकदा तरी असा फोन होऊ लागला. खंदारे कधी फोनवर हसले नाहीत, पण फोन ठेवायची घाईही त्यांनी कधी केली नाही.

मग निवळी आली.

निवळीचं बी सहाणेवर उगाळून गढूळ पाण्यात फिरवलं की गाळ खाली बसतो आणि वर नितळ पाणी राहतं. त्यावरून मंडळ चालवणाऱ्या पुण्याच्या संस्थेनं त्या प्रणालीला हे नाव दिलं. तिचं काम ऐकायला सोपं होतं. सभासदानं लिहिलेला प्रत्येक मजकूर ती आधी दोन भागांत वेगळा करी: काय म्हटलंय आणि कशा सुरात म्हटलंय. मग तो वाचणार कोण हे बघे. प्रत्येक वाचणाऱ्याची एक रेघ तिनं मनाशी आखलेली असे. कुठल्या वाक्यावर त्याचं बोट थबकलं, मनगटावरच्या पट्टीनं नाडी किती वाढल्याचं सांगितलं, काय वाचून तो चार दिवस फिरकला नाही, यावरून ही रेघ ठरे. तिच्यापलीकडे जाणारा मजकूर निवळी त्या माणसापुरता नव्यानं लिही. म्हणजे एकाच निरोपाची अकरा हजार रूपं होऊ शकत. लिहिणाऱ्याला स्वतःचे शब्द दिसत, वाचणाऱ्याला त्याला सोसतील तेवढे. मूळ काय होतं हे कुणालाच दिसत नसे. सगळ्यांनी नियमावली न वाचता ‘मान्य’ म्हटलं होतं, शैलजाबाईंनीसुद्धा.

पहिल्या सहा महिन्यांत तक्रारी निम्म्यावर आल्या, मग बंद झाल्या. सोडून गेलेली माणसं परत आली. मंडळातलं वातावरण एखाद्या चांगल्या ग्रंथालयासारखं झालं. शैलजाबाईंच्या फोनवर आता फक्त गॅसवाल्याचा आणि औषधांच्या दुकानाचा आवाज येई.

त्यांचे यजमान अनंतराव निवळी येण्याच्या काही महिने आधी वारले होते. मूलबाळ नव्हतं. सकाळी चहा घेऊन त्या संगणकापुढं बसत आणि आधी खंदाऱ्यांचा निरोप उघडत. खंदारेही बदलले होते. ‘आपल्या वाचनाचा आदर आहे, एक वेगळी शक्यता सुचवतो,’ असं लिहू लागले होते. वय झालं, माणूस मऊ पडतो, असं शैलजाबाईंनी मनाशी धरलं. मऊ झालेल्या माणसाला फोन करायला काही निमित्त नव्हतं. त्या उत्तर लिहीत, शेवटी हात जोडल्याचं चिन्ह टाकत आणि दिवस सुरू करत.

फाल्गुनात एक पत्र वाचनाला आलं. कुणी भाऊ भावाला लिहीत होता. त्यात एक ओळ होती: ‘पंचमीसतीनयेणारतरीतजवीजठेवावी’. शैलजाबाईंनी वाचलं, ‘पंचमीस तीन येणार, तरी तजवीज ठेवावी.’ तीन पाहुणे यायचे आहेत, सोय करून ठेवा. त्यांनी ते वाचन टाकलं. संध्याकाळी खंदाऱ्यांचं उत्तर आलं.

‘दोन्ही वाचनं शक्य आहेत. आपला अनुभव मोठा आहे, तेव्हा आपलंच ठेवू. काही दिवस विश्रांती घेतो. शुभेच्छा.’

शैलजाबाईंनी नेहमीसारखं चिन्ह टाकलं. त्यानंतर एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. खंदाऱ्यांचा निरोप नाही. एका सकाळी चहा हातात घेऊन त्या ते जुनं उत्तर पुन्हा वाचत बसल्या आणि एका वाक्यावर अडल्या. आपला अनुभव मोठा आहे. मोडी शिकून त्यांना स्वतःला नऊ वर्षं झाली होती. खंदारे साठ वर्षं वाचत होते. माणूस कितीही मऊ पडला तरी हे वाक्य त्या माणसाच्या तोंडचं नव्हतं. आणि दुसरं वाचन शक्य आहे म्हणतात, तर ते कोणतं, हे लिहायला खंदारे विसरतील?

मूळ मजकूर बघायचा तर रीतसर तक्रार हवी होती. तक्रारीच्या फॉर्मवर अपमान, धमकी, जातिवाचक उल्लेख, असभ्य भाषा असे रकाने होते. शैलजाबाईंनी ‘इतर’वर खूण केली आणि खाली लिहिलं, ‘सभासद नको इतकं सभ्य बोलत आहे.’

दुपारी पुण्याहून फोन आला. निवळीची सगळी व्यवस्था बघणारी ऋजुता पळसुले बोलत होती.

“ताई, दोन वर्षांतली ही पहिली तक्रार. आणि ती अशी. मी तीनदा वाचली.”

“मला खंदाऱ्यांचे मूळ निरोप बघायचेत. मला पाठवलेले तेवढेच.”

“कशासाठी? सगळं सुरळीत चाललंय ना?”

“म्हणूनच.”

ऋजुता म्हणाली, “ताई, तुम्हाला आठवत नसेल. मी सोळा वर्षांची असताना अक्षरघरात होते. मी एक सनद चुकीची वाचली. खंदाऱ्यांनी सगळ्यांदेखत लिहिलं, या मुलीला आधी बाराखडी शिकवा. मी ते अजून विसरलेले नाही. मोडी सोडली ती सोडलीच.”

“मी तुला फोन केला होता,” शैलजाबाई म्हणाल्या. त्यांना आत्ता आठवलं. रडणारी एक मुलगी, सांगवीची. “तू उचललास आणि काही बोललीच नाहीस.”

“बोलता येत नव्हतं. पण तुम्ही केलात हे बरं वाटलं होतं. फक्त ताई, तुम्ही एकट्या. तेव्हा सभासद चारशे होते. अकरा हजारांना कोण फोन करणार? म्हणून मी ही निवळी केली. माझ्यासारखी एकही मुलगी आता सोडून जात नाही. तुम्ही आकडे बघा.”

मुलगी खरं बोलत होती.

“तुझं चूक आहे असं मी म्हणत नाही,” शैलजाबाई म्हणाल्या. “पण मला त्यांचे शब्द दे.”

तासाभरात फाईल आली. डाव्या बाजूला खंदाऱ्यांनी लिहिलेलं, उजव्या बाजूला शैलजाबाईंना दिसलेलं. सुरुवातीची पानं वाचताना त्यांना हसू आलं. डावीकडे, ‘डोळे तपासून घ्या, हा र नाही.’ उजवीकडे, ‘हे अक्षर पुन्हा पाहता येईल का?’ डावीकडे, ‘कोर्टात असंच लिहिलं असेल तर किती निरपराध फासावर गेले कोण जाणे.’ उजवीकडे, ‘आपला न्यायालयीन अनुभव मोलाचा आहे.’ दीड वर्षांपूर्वीच्या निरोपांपाशी त्यांचं हसू थांबलं.

डावीकडे: ‘मंडळी दवाखान्यात आहे. आज दोनच पानं.’ उजवीकडे: ‘आज दोन पानं वाचली.’

डावीकडे: ‘नांदेडचे डॉक्टर हात वर करून मोकळे झाले. घरी आणलं. रात्री ती झोपत नाही, मग मीही बसून कागद वाचतो.’ उजवीकडे: ‘सध्या वाचनाला अधिक वेळ मिळतो आहे.’

डावीकडे: ‘मंडळी मंगळवारी गेली. तेराव्यापर्यंत काम होणार नाही.’ उजवीकडे: ‘काही दिवस कामात खंड पडेल. क्षमस्व.’

आणि त्याखाली शैलजाबाईंचं स्वतःचं उत्तर होतं. ‘सावकाश करा. घाई नाही.’ हे उत्तर इतकं निरुपद्रवी होतं की निवळीनं त्यातला काना-मात्राही बदलला नव्हता. बायको गेल्याचं कळवणाऱ्या माणसाला ते जसंच्या तसं पोचलं होतं.

त्या उठून गॅलरीत गेल्या, परत आल्या, पुन्हा वाचू लागल्या. निवळीला कुणी सांगितलं नव्हतं की दुःख काप. तिला एवढंच शिकवलं होतं की वाचणारा दुखावला नाही पाहिजे. निवळी आली तेव्हाही मंडळातले लोक अनंतरावांबद्दल सांत्वनाचं लिहीत आणि ते वाचताना शैलजाबाईंची नाडी धडधडे, बोट पडद्यावर तसंच राही. निवळीनं त्यावरून रेघ आखली. मरण, आजार, दवाखाना, एकटेपण हे सगळं त्या रेघेपलीकडे गेलं. शिव्या कापता कापता तिनं तेही कापलं. गेली अडीच वर्षं त्यांच्या वाचण्यात कुणी मेलं नव्हतं.

डावीकडे, गेल्या दिवाळीत: ‘पूर्वी तुम्ही फोन करायच्या. भांडायला का होईना. आता कामून करत नाही?’ उजवीकडे: ‘आपल्या मार्गदर्शनाबद्दल आभार.’ त्यावर त्यांनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं होतं.

शेवटचा निरोप त्या पत्राबद्दलचा.

‘तुमचं साफ चूक. तिथं तीन येणार नाही, ती न येणार असं आहे. पंचमीस ती न येणार. माहेरी गेलेली बाई परत यायची नाही, असं भाऊ भावाला कळवतोय. ज्याच्या घरी कुणी यायचं राहिलं नाही त्याला हे बरोबर वाचता येतं. तुमचं तीन तुम्हाला लखलाभ. कुणासाठी वाचायचं तेच आता कळत नाही. आजपासून बंद.’

शैलजाबाईंनी फोन लावला. बंद होता. दुपारी लावला, संध्याकाळी लावला. बंदच. दुसऱ्या दिवशी त्यांनी घराची किल्ली शेजारी दिली आणि गाडी पकडली.

गाडीत मन दुसरीकडे लावायचं म्हणून त्यांनी टॅबवर त्या दप्तराचे पुढचे कागद चाळायला घेतले. लातूर सोडल्यावर एक कागद सापडला. त्याच पत्राचं उत्तर होतं, त्याच दोन भावांमधलं, सहा दिवसांनंतरचं. अक्षर स्वच्छ होतं, अडखळायला जागा नव्हती. ‘पंचमीस तिघे सुखरूप पावले.’

म्हणजे तीनच बरोबर. खंदारे चुकले होते, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा. शैलजाबाईंनी टॅब मिटून मांडीवर ठेवला. हा कागद त्या माणसाला दाखवायचा की नाही? कशाला दाखवायचा? त्याला आधीच काय कमी झालंय? ‘दोन्ही वाचनं शक्य आहेत’ असं म्हणून टाकलं तर कुणाचं काय बिघडणार होतं? खिडकीबाहेर बघत त्या हे घोळवत राहिल्या, आणि बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं की हे शब्द निवळीचे आहेत.

सकाळी नऊला त्या वसमतला उतरल्या. गावापर्यंत जीप मिळाली. हळदीचे दिवस होते. अंगणं, रस्त्याच्या कडा, शाळेचं पटांगण, जिथं सपाट जागा असेल तिथं शिजवलेली हळद वाळत पडली होती. हवेत तिचा कडवट, मातकट वास होता. पत्ता विचारत त्या एका घरापुढं आल्या. शेजारच्या अंगणात एक बाई फावड्यानं हळद खालीवर करत होती.

“खंदारेसाहेब इथंच राहतात का?” त्यांनी विचारलं.

“हायत की. मागल्या अंगणात बसलेत. तुमी कोण?”

“मिरजेहून आले.”

“त्यांची बहीण का?”

“नाही. आम्ही भांडतो,” शैलजाबाई म्हणाल्या. बाईला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिनं फावड्यानंच वाट दाखवली.

खंदारे बाजेवर बसले होते. फोनवर ऐकलेल्या आवाजावरून शैलजाबाईंनी उंच, धिप्पाड माणूस कल्पिला होता. हा माणूस बारका होता, गालाची हाडं वर आलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. शैलजाबाईंनी नाव सांगितलं.

“दोन वर्षं लागली मिरजेहून यायला?” तो म्हणाला.

शैलजाबाई उभ्या उभ्याच सांगू लागल्या. निवळीबद्दल, रेघेबद्दल, डाव्या-उजव्या बाजूबद्दल. फाईल उघडून दाखवली. खंदाऱ्यांनी चष्मा कपाळावर सरकवून टॅब डोळ्यांजवळ नेला आणि उजवी बाजू वाचत गेले. मध्येच म्हणाले, “मी असं लिहीन होय?”

“तेच मला उशिरा कळलं.”

“आणि ‘सावकाश करा’?”

“ते माझंच आहे,” शैलजाबाई म्हणाल्या. “ते कुणी बदललेलं नाही. पण मला तुमच्या मंडळींचं कळलं नव्हतं.”

खंदाऱ्यांनी टॅब परत दिला. “मला वाटलं, बाई मोठ्या पदाला गेली. सरकारी उत्तरं द्यायला लागली.” मग बाजेच्या पायाशी असलेलं स्टूल पायानं पुढं सरकवलं. “बसा.”

शेजारची बाई चहा देऊन गेली. खंदाऱ्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “त्या कागदाचं काय केलं? तीनच ठेवलं असेल.”

ही वेळ येणार हे त्यांना माहीत होतं. शैलजाबाईंनी उत्तराचं पत्र उघडून त्यांच्यापुढं धरलं.

खंदाऱ्यांनी एकदा वाचलं. बोट लावून पुन्हा वाचलं. ‘तिघे’वर बोट थांबलं. मग ते उठले आणि आत गेले. शैलजाबाईंना वाटलं, आपण चूक केली, एवढ्या लांब येऊन हेच करायचं होतं का? उठून निघून जावं असंही मनात आलं. तेवढ्यात खंदारे भिंग घेऊन बाहेर आले, पहिलं पत्र मागून घेतलं आणि ती ओळ अक्षर-अक्षर तपासली.

“हां,” ते म्हणाले. “तिघं आले मग. बरं झालं त्यांचं.”

“मला तुम्हाला सांगावंसं वाटत नव्हतं.”

“मग मी चुकीचंच धरून बसलो असतो. ते बरं का?” त्यांनी भिंग सदऱ्याला पुसलं. “तुमचे मालक गेले असं कुणीतरी लिहिलं होतं मागं. फोनवर तुम्ही कधी काढलं नाही. मी तुम्हाला लिहून विचारलं होतं, काय झालं म्हणून. तेही कापलं असेल.”

शैलजाबाईंनी मान हलवली. फाईलमध्ये ते होतं. त्यांनी ते वाचून पुढं सरकवलं होतं.

“मग काय झालं?”

“हृदयाचं. चार दिवस आजारी होते.” त्या थांबल्या. खंदारे वाट बघत राहिले. त्यांनी विषय बदलला नाही, धीराचं काही बोलले नाहीत.

“शेवटच्या दुपारी म्हणाले, पंखा बंद कर, थंडी वाजतेय. वैशाख होता. मी चार रात्री जागी होते, घामानं भिजले होते. मी म्हटलं, किती उकडतंय, राहू दे. आणि राहू दिला. तासाभरानं गेले.” हे त्यांनी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं तर समोरचं माणूस काय म्हणालं असतं हे त्यांना पाठ होतं. तुम्ही तरी काय करणार होतात, मनाला लावून घेऊ नका.

खंदारे हळदीकडे बघत होते.

“बंद करायला पाहिजे होता,” ते म्हणाले.

“हो,” शैलजाबाई म्हणाल्या. “करायला पाहिजे होता.”

आणि मग त्यांना रडू आलं, मोठ्यानं, परक्या अंगणात, दिवसाउजेडी. पलीकडचं फावडं थांबलं आणि थोड्या वेळानं पुन्हा चालू झालं. खंदाऱ्यांनी त्यांना गप्प केलं नाही. ते तसेच बाजेवर बसून राहिले, हात गुडघ्यावर ठेवून, त्यांचं रडणं पुरतं संपेपर्यंत.